मुदत आणि मुभा : वेब सर्व्हरवरील साठवण व प्रवेशनियंत्रण यांचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

वेब सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसास, मग त्याचे यंत्र जिल्हाधिकारी कचेरीचे असो, सहकारी कारखान्याचे असो की एखाद्या महाविद्यालयाचे असो, त्यावरील प्रत्येक कागदाविषयी दोन हुकूम लिहून ठेवावे लागतात. पहिला मुदतीचा : या कागदाची नक्कल वाटेतल्या साठ्यात अथवा वाचकाच्या ब्राउझरात किती काळ राहावी, आणि तेवढ्या काळात मूळ कागदाकडे न पाहता तीच पुढे करण्यास हरकत आहे की नाही. दुसरा मुभेचा : हा कागद कोणी पाहावा, कोणाची कोणत्या खुणेवरून ओळख पटवावी आणि ओळख न पटल्यास त्याला कोणते उत्तर देऊन परत पाठवावे. पहिला विषय कॅशिंगचा आणि दुसरा प्रवेशनियंत्रणाचा. गेली तीस वर्षे या दोन विषयांची हस्तपुस्तके बहुधा वेगवेगळी लिहिली गेली. एकाचे अधिकारी वेगाची चिंता करणारे, दुसऱ्याचे सुरक्षेची.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात हा आढावा घेण्याचे कारण असे की, या प्रश्नाची तीन निरनिराळी रूपे तेथे ठळकपणे एकत्र आढळतात. वाई येथे ज्याचे संपादन झाले, ज्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि ज्याचे वीस खंड आज संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य वाचता येतात, तो मराठी विश्वकोश म्हणजे क्वचितच बदलणारा आणि सर्वांस खुला असलेला मजकूर. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी मोजली जाणारी कृष्णेची पातळी तितकीच खुली. परंतु ऑगस्ट महिन्यात ती तासातासाला बदलते. आणि सातबाऱ्याचा उतारा हा असा कागद की, तो बदलतोही आणि तो कोणी पाहावा याविषयी मतभेदही आहेत. या तिन्हींस एकच नियम लावणे शक्य नाही, हे उघड आहे. परंतु सर्व्हरच्या मूळ मांडणीत तो बहुधा एकच लागलेला असतो, आणि तेथूनच पुढील सारा वाद सुरू होतो.

पूर्वपीठिका

दफ्तर कोणास उघडावे हा प्रश्न या भागास नवा नाही. वाईजवळच्या मेणवलीस नाना फडणिसांचे दफ्तर होते. ते पुढे साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांच्या संग्रहात आणि तेथून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. पेशवे दफ्तर अभ्यासकांस मोकळे व्हावे यासाठी इतिहाससंशोधकांनी किती वर्षे खटपट केली हे सर्वश्रुत आहे, आणि त्या दफ्तरातील निवडक कागदांचे गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पंचेचाळीस खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत बाहेर पडले तेव्हा कोठे सामान्य वाचकास त्यांचे दर्शन घडले. त्या काळी कागद जुना, मुभा थोड्यांना आणि नक्कल हाताने केलेली, म्हणून मुदतीचा प्रश्न फारसा उद्भवत नसे.

वेबवर तो आरंभापासूनच उद्भवला. १९९४ च्या सुमारास, जेथे वेबचा जन्म झाला त्या सर्न संस्थेच्या सर्व्हरात मध्यस्थ साठ्याची सोय झाली. १९९६ मध्ये स्क्विड हा केवळ साठवणीसाठीच लिहिलेला मध्यस्थ अवतरला. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्य जनतेस खुले केले त्या वेळी दूरध्वनीच्या तारेवरून अक्षरे इतक्या संथपणे येत की, जवळची नक्कल ही चैन नसून निकड होती. १९९६ च्या एचटीटीपी १.० मध्ये कागदावर 'कालबाह्य होण्याची तारीख' लिहिण्याची सोय होती. १९९७ च्या एचटीटीपी १.१ ने 'कॅश-कंट्रोल' नावाचे हेडर आणले आणि मुदतीसंबंधीची पुरती आज्ञावली सर्व्हरच्या हाती दिली. हे नियम १९९९, २०१४ आणि अखेर २०२२ मध्ये पुन्हा लिहिले गेले. आजचे प्रमाण आरएफसी ९१११ हे आहे.

प्रवेशनियंत्रणाचा प्रवास याहून विस्कळीत. निरनिराळ्या फोल्डरांत आपापली नियमांची फाइल ठेवण्याची रीत एनसीएसएच्या सर्व्हरापासून चालत आली, १९९५ च्या अपाचेने ती उचलली, आणि 'परवानगी आधी की मनाई आधी' अशा क्रमावर बेतलेली तिची भाषा २०१२ च्या अपाचे २.४ मध्ये बदलून 'रिक्वायर' या एका शब्दाभोवती रचली गेली. जुन्या फाइली नव्या सर्व्हरावर तशाच उचलून नेल्या आणि दोन्ही बोली एकाच ठिकाणी मिसळल्या म्हणजे मनाई आहे असे वाटावे आणि दार मात्र उघडे असावे, असे प्रसंग घडू शकतात. म्हणून जुनी बोली काढून टाकावी असा सल्ला खुद्द अपाचेचे दस्तऐवज देतात.

या दोन जिल्ह्यांपुरते पाहता सर्वांत लक्षणीय प्रारंभ १९९८ चा. वारणा खोऱ्यातील, कोल्हापूर आणि सांगली या जिल्ह्यांत विखुरलेली सत्तर गावे वारणानगरच्या सहकारी संस्थांशी संगणकांनी जोडण्याचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने हाती घेण्यात आला. ऊस उत्पादकाचा हिशेब गावातल्या केंद्रावर दिसावा ही त्यामागील कल्पना. आणि सभासदाचा हिशेब त्याच्याच डोळ्यांपुढे यावा, शेजाऱ्याच्या नव्हे, ही अट तिच्यातच गर्भित होती. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने 'एस-थ्री-वॉस' नावाची संकेतस्थळांची सामायिक बैठक (प्लॅटफॉर्म) तयार केली व सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांची शासकीय संकेतस्थळे तीवर गेली. तेथे चित्रे आणि पत्रके दूरदूरच्या साठ्यांतून पुरविली जातात. म्हणजे मुदतीविषयीचे पुष्कळसे निर्णय आता जिल्ह्यात न होता बैठकीच्या पातळीवर होतात. सोय मोठी आहे, यात संशय नाही; पण स्थानिक निकड कोणती हे वर कळविण्याची जबाबदारीही त्याबरोबरच वाढली आहे.

साठवणीविषयीचे पक्ष

पहिला पक्ष सावधांचा. त्यांचे म्हणणे असे की, शासकीय कागद शिळा मिळण्यापेक्षा उशिरा मिळालेला बरा. म्हणून सर्वांवर 'नो-स्टोअर' हा शिक्का मारावा आणि कोणासही नक्कल ठेवू देऊ नये. या मताचा आधार केवळ भीती नव्हे. सर्व्हरने मुदतीविषयी काहीच सांगितले नाही तर मध्यस्थास अंदाजाने मुदत ठरविण्याची मुभा प्रमाणातच दिली आहे, आणि कागदात शेवटचा बदल होऊन जितका काळ लोटला त्याच्या एक दशांश, हा त्या अंदाजाचा रूढ दर आहे. एखादे पत्रक दहा दिवसांपूर्वी बदललेले असेल, तर ते आणखी एक दिवस ताजे मानले जाऊ शकते. पुराच्या आठवड्यात एक दिवस म्हणजे काय, हे सांगलीकरांस समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा पक्ष मुक्त साठवणीचा. पूर्वी साठवण केली जाई ती तार अरुंद म्हणून; आज ती लागते ती एकाच क्षणी येणाऱ्या गर्दीसाठी. कोयनेच्या १०५ टीएमसीहून थोड्या अधिक क्षमतेच्या धरणाचे सहा वक्री दरवाजे उचलले गेले की ते पाणी पाटण तालुक्यातून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते आणि तेथून सांगलीकडे निघते. त्या मधल्या तासांत नदीकाठचा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारीत असतो, आणि त्या सर्वांना द्यावयाचे उत्तरही एकच असते. आयर्विन पुलाशी ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी ही तेथील आबालवृद्धांस तोंडपाठ. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. अशा रात्री एका मिनिटात दहा हजार लोकांनी तेच पान मागितले, आणि त्या पानास साठ सेकंदांची मुदत दिलेली असली, तर समोरच्या साठ्याच्या एका यंत्रामागे मूळ सर्व्हरास जवळजवळ एकदाच उत्तर द्यावे लागते. 'नो-स्टोअर' असल्यास तेच उत्तर दहा हजार वेळा. सावधांचा शिक्का तेथे ताजेपणा राखीत नाही. तो पानच बंद पाडण्याची भीती निर्माण करतो.

तिसरा पक्ष मध्यममार्गी, आणि माझ्या मते प्रमाणग्रंथाच्या आशयाच्या सर्वांत जवळचा. नक्कल जरूर ठेवावी, परंतु ती देण्यापूर्वी मूळ सर्व्हरास 'हीच चालू आहे ना' असे विचारावे. कागदाच्या प्रत्येक आवृत्तीस 'ईटॅग' ही खूण असते. ती जुळली की सर्व्हर संपूर्ण कागद न पाठविता ३०४ हा आकडा तेवढा पाठवितो. या रीतीसाठी असलेल्या 'नो-कॅश' या आज्ञेचा अर्थ साठवूच नका असा नसून विचारल्यावाचून देऊ नका असा आहे, ही गोष्ट अनुभवी माणसेही विसरतात. २०१० च्या आरएफसी ५८६१ ने यात आणखी एक सवलत घातली : मूळ सर्व्हर कोलमडला असता ठरावीक काळ शिळी नक्कल देण्याची. नदीपातळीच्या पानास ही सवलत द्यावी की नाही, याविषयी प्रामाणिक मतभेद संभवतो. मोजमापाची वेळ पानावर ठळक छापलेली असेल तर अर्ध्या तासापूर्वीचा आकडा कोऱ्या पानापेक्षा उपयोगी. ती छापलेली नसेल तर तोच आकडा घातक.

विश्वकोशाविषयी मात्र तिन्ही पक्षांत फारसा मतभेद उरत नाही. छापून स्थिर झालेल्या नोंदीस आणि तिच्या चित्रास दीर्घ मुदत द्यावी, दुरुस्ती झाली तर पत्ता बदलावा, हे सर्वांस मान्य आहे.

प्रवेशाविषयीचे पक्ष

येथे मतभेद ओळखीच्या खुणेवरून आहेत. यंत्राच्या पत्त्यावरून माणूस ओळखणे ही सर्वांत जुनी आणि स्वस्त रीत. कचेरीच्या आतील जाळ्यापुरती ती बरी चालते. पण मोबाइलच्या जाळ्यात हजारो ग्राहक एकाच पत्त्याआडून येतात, म्हणून तिची ग्राह्यता घटत चालली आहे. पासवर्ड साध्या रूपात पाठविणारी मूलभूत पद्धत १९९६ पासून आहे; तिला कूटबद्ध मार्गाची जोड नसेल तर ती निरुपयोगी, यावर सर्वांचे एकमत आहे. बहुतेक संकेतस्थळे आज ओळख पटल्यानंतर ब्राउझरास कुकी देऊन पुढील प्रत्येक मागणी तिच्या आधारे स्वीकारतात. यंत्रमानवांनी कोठे जाऊ नये हे सांगणारी १९९४ पासूनची 'रोबोट्स' फाइल ही केवळ विनंती आहे, मनाई नव्हे. उलट, लपविलेल्या दालनांची नावे तीत लिहून ठेवणे म्हणजे त्यांचा पत्ता जाहीर करणे होय.

याहून नाजूक वाद देशाबाहेरील पत्त्यांना सरसकट बंदी करण्याचा आहे. काही भारतीय शासकीय संकेतस्थळे परदेशातून उघडत नाहीत. बंदीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की, हल्ल्यांचा मोठा भाग बाहेरून येतो आणि सेवा मुख्यतः येथील नागरिकांसाठी आहे. विरोधकांचे म्हणणे असे की, हल्लेखोर भारतीय पत्ता भाड्याने सहज मिळवितो आणि दारात अडकतो तो मात्र गावी जमीन असलेला, नोकरीनिमित्त परदेशी राहणारा खातेदार. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

दोन्ही हुकूम एकमेकांस छेदतात तेव्हा

या आढाव्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, आणि तो बहुधा थोडक्यात आटोपला जातो. अपाचेचे साठवणीचे अंग सुरू केले म्हणजे ते 'क्विक हँडलर' या अवस्थेत काम करू लागते. ही त्याची मूळ मांडणीच आहे. त्या अवस्थेत मागणी येताच प्रथम साठा पाहिला जातो, आणि नक्कल सापडली तर ती तत्काळ दिली जाते. प्रवेशाचे नियम तपासण्याची पाळी तेथे येतच नाही. समजा, एका फोल्डरास केवळ कचेरीतील पत्त्यांचीच मुभा आहे. कचेरीतल्या लेखनिकाने सकाळी त्यातील यादी पाहिली, तिची नक्कल साठ्यात गेली, आणि दुपारी बाहेरच्या माणसाने तोच पत्ता मागितला : त्याला यादी मिळते. नियमांची फाइल जशीच्या तशी आहे, तीत एकही चूक नाही, तरीही मुभेचा हुकूम रद्दबातल झाला. उपाय एका ओळीचा आहे, 'कॅशक्विकहँडलर' बंद करणे. मग साठा प्रवेशतपासणीच्या नंतर येतो. त्याने थोडा वेग जातो. ही देवाणघेवाण दस्तऐवजांत स्पष्ट नमूद आहे. परंतु साठवणीचे प्रकरण वाचणारा आणि प्रवेशाचे प्रकरण वाचणारा माणूस एकच असेल तरच ती ध्यानी येते.

दुसरी फट कुकीची. ज्या मागणीत 'ऑथरायझेशन' हेडर आहे तिचे उत्तर सामायिक साठ्याने, स्पष्ट अनुमती नसेल तर, ठेवू नये असे प्रमाण सांगते. कुकीविषयी असा कोणताही प्रतिबंध त्यात नाही. म्हणजे जुन्या पासवर्डाच्या पद्धतीस जे संरक्षण आपोआप मिळे ते आजच्या रूढ पद्धतीस मिळत नाही. एन्जिनएक्स नवी कुकी देणारे उत्तर आपणहून साठवीत नाही, व्हार्निश कुकी असलेल्या मागणीस आपणहून साठ्यातून उत्तर देत नाही. परंतु हे त्या त्या सर्व्हरचे शहाणपण आहे, सर्वत्र लागू असा नियम नव्हे, आणि 'पान फार सावकाश उघडते' अशी तक्रार आली की हेच शहाणपण प्रथम बाजूस सारले जाते.

हे केवळ तर्काने मांडलेले धोके नव्हेत. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर गर्दी रोखण्यासाठी साठवणीची मांडणी बदलली गेली आणि एकाचे खातेपान दुसऱ्यास दिसू लागले. चालकांनी बाधितांचा अंदाज सुमारे ३४,००० सांगितला. २०१७ मध्ये ओमर गिल या संशोधकाने दाखविले की, खासगी पानाच्या पत्त्यास शेवटी चित्राच्या फाइलीचे नाव जोडले तर काही साठे त्यास चित्र समजून ठेवून घेतात आणि मग ते कोणासही मिळते. दोन्ही ठिकाणी दोष मुदतीच्या हुकुमात आणि हानी मुभेच्या क्षेत्रात.

सातबाऱ्याचा प्रश्न

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे आणि अधिकार अभिलेख हा सार्वजनिक स्वरूपाचा अभिलेख मानला जात आला आहे. फी भरून तलाठ्याकडून उताऱ्याची नक्कल घेता येई. महाभूलेख संकेतस्थळावर सातारा व सांगली हे जिल्हे पुणे विभागात येतात, आणि तेथे विनास्वाक्षरी उतारा केवळ माहितीसाठी पाहता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्यास पंधरा रुपये शुल्क आहे.

एका बाजूचे म्हणणे असे की, जमिनीचा अभिलेख खुला असणे हेच दुबळ्या खातेदाराचे संरक्षण. परस्पर झालेला फेरफार त्याला घरबसल्या दिसतो, आणि माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम शासनाकडून आपणहून प्रकटनाची अपेक्षाच करते. दुसरी बाजू म्हणते की, चावडीवर जाऊन एक उतारा मागणे आणि यंत्राकडून साऱ्या तालुक्याचे उतारे उपसून घेणे यांत प्रमाणाचा नव्हे तर जातीचा भेद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा मूलभूत हक्क ठरविल्यानंतर हा भेद दुर्लक्षिता येत नाही. मोबाइल क्रमांक मागणे, चित्रातील अक्षरे ओळखावयास लावणे हे या दोहोंमधील व्यवहार्य तडजोडीचे उपाय होत. ते उपशाचा वेग कमी करतात, तो थांबवीत नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातील वैयक्तिक माहितीसंबंधीची तरतूद बदलून अधिक व्यापक केली आहे. व्यापक सार्वजनिक हिताचा अपवाद त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात कायम आहे. या दोहोंचा मेळ जमीन अभिलेखाच्या बाबतीत कसा घालावयाचा, हे अजून अनुभवाने ठरावयाचे आहे.

अनिर्णित बाबी

पहिली बाब निर्णयाच्या अधिकाराची. भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली, आणि मजकूर कोणी मंजूर करावा व किती काळाने तपासावा याचे धोरण लिहून ठेवण्यास ती सांगतात. माझ्या मते साठ सेकंद की एक वर्ष हा आकडा तेथेच, त्या कागदाचा मालक असलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने लिहिला जावयास हवा. आज तो पुष्कळदा तंत्रज्ञाच्या अंदाजावर सोडला जातो, आणि पाण्याची पातळी किती वेळाने शिळी होते हे ठरविण्याचे ओझे त्या बिचाऱ्यावर टाकणे न्याय्य नाही.

दुसरी बाब गेलेली नक्कल परत बोलावण्याची. आपल्या ताब्यातील साठा रिकामा करता येतो; वाचकाच्या ब्राउझरात एक वर्षाच्या मुदतीने जाऊन बसलेला कागद परत आणण्याचा खात्रीचा मार्ग उपलब्ध नाही.

तिसरी बाब नोंदवहीची. संगणक-सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा असलेल्या सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक केले. परंतु साठ्यातून परस्पर दिलेल्या उत्तराची नोंद मूळ सर्व्हरावर होतच नाही, म्हणून कोणी काय पाहिले याची साक्ष समोरच्या साठ्याच्या चालकाकडूनच घ्यावी लागते.

आणि शेवटची बाब पुन्हा उताऱ्याचीच. डिजिटल स्वाक्षरी इतकेच सिद्ध करते की, सही झाली त्या क्षणी अभिलेख असा होता. त्यानंतर मंडळ अधिकाऱ्याने एखादा फेरफार प्रमाणित केला असेल तर कागद खरा राहतो आणि माहिती शिळी होते. कऱ्हाडच्या एखाद्या बँकेत कर्जाच्या प्रकरणाबरोबर असा उतारा येतो तेव्हा तेथील अधिकाऱ्यास दोन वेगळे प्रश्न पडतात : ही नक्कल अस्सल आहे काय, आणि आज चालू आहे काय. पहिल्याचे उत्तर कोणत्याही साठ्यातून दिले तरी बिघडत नाही. दुसऱ्याचे उत्तर प्रत्येक वेळी मूळ अभिलेखाकडूनच आणावे लागेल, आणि ते मागण्याची मुभा बँकेस असावी, खातेदाराच्या संमतीनेच असावी, की कोणासही असावी, याचा निर्णय सर्व्हरच्या मांडणीत शोधून सापडणार नाही.